नदीची हजेरी

लेले मास्तरांनी माझ्या लग्नाची पत्रिका मला लाल शाईने दुरुस्त करून दिली होती. बदलापुरात सून म्हणून येऊन मला पुरते चार दिवसही झाले नव्हते. मास्तर पलीकडच्या आळीतून आले, ओट्यावर टेकले आणि कोटाच्या खिशातून आमचीच पत्रिका काढून म्हणाले, "आशीर्वादातली शी दीर्घ असते. तुमचं काही बिघडलं नाही म्हणा. लग्न लागलंय." मी पदराआड हसले. सासूबाई आतून म्हणाल्या, "हसू नकोस गं, ते दुकानांच्या पाट्यासुद्धा सोडत नाहीत." आणि खरंच, बाजारातल्या वाण्याची पाटी त्यांनी दोनदा नव्याने रंगवायला लावली होती.

पत्रिका हे आपलं निमित्त. खरं विचारायचं होतं ते वेगळंच. "तुमचं माहेर अलिबागचं ना? म्हणजे मासे ओळखता येत असतील. माझी पंचाईत अशी की मी पडलो शाकाहारी. मला मासा कळतो तो नुसता नावावरून." सासरी आल्या आल्या एका निवृत्त मास्तराने येऊन मासे ओळखता येतात का असं विचारावं, हे मला नवीन होतं. पण घरात बसून कंटाळा आला होता. मी हो म्हटलं, आणि पुढची आठेक वर्षं मास्तरांच्या वहीला चिकटले ती चिकटलेच.

वही नदीची होती. स्वातंत्र्यानंतर चार-पाच वर्षं झाली असतील. अंबरनाथला कारखाने वाढत होते, खाली कल्याण कॅम्पात सिंधी माणसं बराकीत राहायला आली होती, तिथे नुकतं कुठे उल्हासनगर म्हणायला लागले होते. जो तो म्हणायचा, नदीतले मासे कमी झाले. मास्तरांना ह्या वाक्याचा भयंकर राग. "कमी झाले म्हणजे किती? कुठले? कधीपासून? कुणी हजेरी घेतली होती का?" मग त्यांनी स्वतःच हजेरी घ्यायची ठरवली. वांगणीपासून कॅम्पापर्यंत नदीकाठी जो भेटेल त्याला ते कार्डं देत. वांगणी स्टेशनातला पोर्टर, चामटोलीचे दोन शेतकरी, कात्रपची एक भाजीवाली, आणि कॅम्पातला लछमनदास. आठवड्यात काय दिसलं ते लिहायचं. मरळ दिसली, वाम दिसली, कासव वर आलं, खंड्या कुठल्या फांदीवर बसतो, पाणी गढूळ की नितळ. मास्तरांची ताकीद एकच असे: "दिसलं ते लिहा. वाटलं ते घरी ठेवा."

रविवारी सकाळी ते मारुतीच्या पायरीवर बसून आठवड्याची कार्डं मोठ्याने वाचत. लोक हौसेने ऐकायला यायचे, कारण गावात वर्तमानपत्रं येऊन जाऊन दोन, आणि त्यांत आमच्या नदीचं काही नसायचं. पण वाचण्याआधी प्रत्येक कार्डावर लाल शाई फिरलेली असे. ऱ्हस्व-दीर्घ तर सोडाच, पोर्टरच्या 'मासळी लई झाक होती' ह्यातलं 'झाक' खोडून ते तिथे काहीच लिहीत नसत. "झाक हे वाटणं आहे," म्हणत. मी ती कार्डं वहीत स्वच्छ अक्षरात उतरवायची. त्या पोर्टरची मला फार दया यायची.

आमच्यातला सगळ्यांत जाणकार माणूस मात्र लिहीतच नव्हता. गोमा कातकरी. गावाच्या वरच्या अंगाला नदीला वाकण आहे, तिथे डोह, आणि डोहाच्या काठी गोमाच्या भाऊबंदांच्या पाच झोपड्या. गोमा पाण्यावरचा बुडबुडा बघून खाली कुठला मासा आहे ते सांगायचा. तो आमच्या ओट्याखाली उकिडवा बसून सांगे, मी लिहून घेई. मास्तर त्याला अहो-जाहो करत. गावाला त्याचं हसू यायचं. गोमालाही यायचं.

मी वही लिहायला लागल्याच्या तिसऱ्या वर्षी भाद्रपदात पावसाने दडी मारली. पाणी उतरलं, नितळलं. आणि एका रविवारी मास्तरांनी कॅम्पातलं कार्ड वाचलं: "नदीत पाला आला. लोक टोपल्या भरून नेतात."

आमच्याकडे नदीत पाला म्हणजे एकच अर्थ. विषारी पाला कुटून डोहात टाकायचा, मासे गुंगून वर येतात, टोपल्या भरून न्यायचे. आदल्या उन्हाळ्यात वरच्या एका गावी कुणीतरी हा उद्योग केला होता आणि दोन म्हशी दगावल्या होत्या. आता खाली कॅम्पात पाला दिसला, म्हणजे तो वरून वाहत गेला. आणि वर कोण? बायकांनी त्याच दुपारी नदीचं पाणी भरायचं बंद केलं. आमच्या आडावर ही रांग लागली.

पोलीस पाटलांनी गोमाला आमच्या आडापाशीच बोलावलं. मी ओट्यावरून सगळं ऐकत होते.

"पाटील, म्या नाय टाकला पाला," गोमा म्हणाला. "पानी वाहतंय अजून. वाहत्या पान्यात पाला टाकून काय घावनार?"

"तुला बरी माहिती पाला कधी टाकायचा ती," पाटील म्हणाले.

झालं. जे त्याला येत होतं तेच त्याच्या अंगावर आलं. पुढच्या रविवारी गाव बसणार आणि तोवर झोपड्या हलवायच्या, असं ठरलं. मास्तर मध्ये पडले, "मी कुणाचं नाव लिहिलेलं नाही," असं दोनदा म्हणाले. पाटील शांतपणे म्हणाले, "मास्तर, नाव नाय, पण तुमच्या वहीत हाय ना? तुमच्या वहीत खोटं नसतं." इतकी वर्षं मास्तरांना हेच ऐकायचं होतं, आणि ऐकलं ते असं.

तो आठवडा मला आठवतो तो डोहाकडे बघवत नव्हतं म्हणून. गोमाच्या बायकोने, ठकीने, छपराचं गवत उतरवायला घेतलं होतं. गोमा कार्ड सांगायला आला नाही. मास्तर आले, ओट्यावर बसले, चहा नको म्हणाले आणि उठून गेले. आमचे हे म्हणाले, "म्हाताऱ्याने हाय खाल्लीय."

शुक्रवारी मी वही उतरवायला बसले. मन लागेना म्हणून कॅम्पातलं कार्ड पुन्हा हातात घेतलं. लछमनदास कापडाचे तागे खांद्यावर टाकून गावोगाव फिरायचा आणि मास्तरांकडून मराठी लिहायला शिकला होता. अक्षर वळणदार, पण त्याच्यावर लाल शाईचा नुसता चिखल. मी कार्ड खिडकीशी धरलं. शेवटचं एक वाक्य मास्तरांनी पुरतं खोडलं होतं. ते असं होतं: "आज माझी आई रडली."

वाटलं ते घरी ठेवा, ह्या नियमाने गेलं होतं बिचारं. पण मी बाईमाणूस, माझं डोकं तिथेच अडलं. घरदार, शेत, गाव सगळं मागे टाकून आलेली बाई नदीत चार पानं बघून रडेल? मग मी वरचं वाक्य नीट पाहिलं. 'पाला' मास्तरांच्या हातचा होता. त्याच्या खाली लछमनदासने काहीतरी दुसरंच लिहिलेलं होतं. पल्लो.

मी तशीच उठून मास्तरांकडे गेले. त्यांनी चष्मा पुसला, कार्ड बघितलं. "हो, त्याने पल्लो लिहिलं होतं. त्यांच्या बोलीत शेवटी ओ लावायची खोड असते. मी शुद्ध केलं."

"मास्तर, पण त्याला पाला म्हणायचं होतं कशावरून?"

हा प्रश्न इतकी वर्षं मास्तर सगळ्या जगाला विचारत होते. त्यांना कुणी विचारला नव्हता.

शनिवारी सकाळी आम्ही दोघं गाडीने कल्याणला उतरलो आणि टांग्याने कॅम्पात गेलो. लछमनदासची बराक शोधायला वेळ लागला नाही, वासावरूनच मी नेलं त्यांना. गोणपाटाचा आडपडदा, त्यामागे चूल, आणि चुलीशी त्याची म्हातारी आई एक मासा साफ करत बसलेली. चांदीसारखा पांढरा, पोट रुंद, पोटात अंड्यांची गाबोळी. मी बघितला आणि लगेच ओळखला. "अहो, ही तर आमची भिंग. हा मासा आहे, मास्तर."

लछमनदास धावत आला. "साईं, आप खुद आले? पल्लो बघायला?" मग त्याचा बांध फुटला. अर्धं मराठी, अर्धं हिंदी. "आमच्या सिंधू नदीची मच्छी आहे. समुंदरातून वर येते, उलटी, पाण्याच्या सामने. अम्मा बोली, पल्लो आपल्याला ढूंढत इथे आला. म्हणून रडली. मी लिवला होता, आपने नाही वाचा?"

"वाचलं," मास्तर म्हणाले. "वाचून खोडलं."

ते एका पत्र्याच्या ट्रंकेवर बसले. खिशातून पेन्सिल काढली. "पुन्हा सांगा. काय म्हणता तुम्ही ह्याला?" लछमनदासने सांगितलं. त्यांनी आणखी दोनदा विचारलं, आणि तो जसं म्हणत होता तसंच लिहिलं, ओकारासकट. म्हातारीने मला जबरदस्तीने जेवायला बसवलं. मास्तर बाहेर टांग्याशी उभे राहिले, नाकाला उपरणं लावून. मी जेवले, पोटभर जेवले, आणि खरं सांगते, आठवडाभराने मला त्या दिवशी अन्न गोड लागलं. परतीच्या वाटेवर मी बडबडत होते. कल्याण स्टेशनात मास्तर एवढंच म्हणाले, "ती आई रडली, हे दिसलेलंच होतं हो त्याला. मी ते वाटण्यात ढकललं."

रविवारी मारुतीपुढे सगळा गाव जमला. गोमा आणि त्याचे भाऊबंद एका बाजूला उभे होते, ठकीने भांडी चादरीत बांधून आणली होती. पाटलांनी विचारलं, "मास्तर, कॅम्पात जाऊन आलात म्हणे. पाला कुणी टाकला ते कळलं का?"

मास्तर उभे राहिले. "कळलं. मी टाकला."

लोकांना वाटलं म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. मास्तरांनी ते कार्ड पाटलांच्या हातात दिलं. "त्या माणसाने मासा लिहिला होता. मी त्याचा पाला केला, लाल शाईने. नदीत दुसरा कुठलाही पाला नाही. चूक माझी आहे. गोमांची नाही, त्यांच्या माणसांची नाही. तुम्हाला कुणाला नदीवरून हलवायचं असेल तर मला हलवा."

पाटलांनी कार्ड उलटं-सुलटं करून बघितलं. त्यांना वाचता येत होतं, पण कामापुरतं. मग ते माझ्याकडे वळले, "खरंय का हे, वैनी?" मी म्हटलं, "मी तो मासा खाऊन आलेय, पाटील." मागून कुणीतरी फस्सकन हसलं, आणि त्या हसण्याने सगळी सभाच सैल झाली. पाटील म्हणाले, "मंग ऱ्हाऊ दे झोपड्या." एवढंच. पण माझ्या छातीवरचा धोंडा उतरला. संध्याकाळी बायका पुन्हा नदीवर घागरी घेऊन गेल्या, आणि त्यांचा गलका घरात बसून ऐकताना मला रडू आलं.

दुपारीच मास्तर डोहावर गेले होते, त्यांच्याबरोबर मीही. ठकी छपरावर चढून गवत पुन्हा शाकारत होती. गोमा वासा धरून होता. मास्तरांनी कोट काढून झाडावर टाकला आणि दुसरा वासा धरला. गोमा म्हणाला, "ऱ्हाऊ द्या मास्तर, तुमच्यानं व्हनार नाय." मास्तर काही सोडेनात. तेव्हा ठकीने वरून विचारलं. रागाने नाही, सहज विचारलं.

"आन मास्तर, परत कुनी लिवलं तर?"

आम्ही खालून गवताच्या पेंढ्या देत राहिलो.

उत्तर मास्तरांनी पुढच्या आठवड्यात आणलं. लाल शाईची दौत त्यांनी माझ्या सासूबाईंना कुंकवाच्या करंड्याजवळ ठेवायला देऊन टाकली. सासूबाईंना तिचं काय करावं कळेना. आणि वहीचा नियम बदलला. कार्ड आलं की आधी पेन्सिलीने उतरवायचं. मग ज्याच्या डोहाचं, ज्याच्या जाळ्याचं, ज्याच्या घराचं त्यात काही असेल, त्याच्याकडे चालत जायचं आणि त्याला वाचून दाखवायचं. तो हो म्हणाला तरच शाई. गुडघे दुखत असूनही मास्तर कात्रपला जात, चामटोलीला जात, महिन्यातून एकदा कॅम्पात जात. लोक म्हणत, म्हातारा चक्रम आहे. पोर्टरने पहिल्यांदा 'झाक' लिहिलेलं वहीत जसंच्या तसं बघितलं तेव्हा तो वांगणीहून मुद्दाम आम्हाला भेटून गेला.

मास्तर गेले ते पाच वर्षांनी, थंडीत, झोपेतच. वही माझ्याकडे आली. तेराव्यानंतर मी पहिल्यांदा एकटी डोहावर गेले. आठवड्याचं कार्ड पेन्सिलीने लिहिलेलं होतं. गोमा उकिडवा बसून ऐकत होता. ठकी जाळं विणता विणता ऐकत होती. मी वाचून संपवलं. गोमाने मान हलवली, पण मी पेन काढलं नाही, ठकीकडे बघत राहिले.

"परत वाच," ती म्हणाली.

मी परत वाचलं.

"हां," ठकी म्हणाली. "आता लिव."