सूरच्या गल्लीतली माफी

हसणार नसाल तरच सांगतो. उभं आयुष्य बातमीदारीत गेलं, भल्याभल्या पुढाऱ्यांना मी घाम फोडला. पण ओमानमध्ये माझी जी शोभा झाली, ती वसईत अजून कुणाला ठाऊक नाही!

माझा भाचा रॉनी तिथल्या सूर शहरात एका हॉटेलात कामाला. त्याच्याकडे गेलो होतो. एका दुपारी त्याला घेऊन खाडीपलीकडची जुनी वस्ती पाहायला निघालो. पांढरी घरं, कोरीव दरवाजे आणि शांतता अशी, की स्वतःच्या चपलांच्या आवाजाने आपणच ओशाळावं! संपादकाला या वस्तीवर रविवारचं अख्खं पान कबूल केलं होतं. फोटो काढून झाले. रॉनी थंड पाणी आणायला गेला, मी एका पायरीवर टेकलो.

खांदा चाचपतो तर काय, बॅग गायब! कॅमेरा तिच्यात, फोटो तिच्यात. म्हणजे माझं पानच गेलं की हो!

शेजारच्या दारात एक आजोबा बसले होते. पांढरा झगा, पांढरी दाढी, चेहरा देवमाणसाचा. मी विचारलं, "बॅग? माझी बॅग?"

त्यांनी दोन्ही हात पसरले. "शंता? माफी शंता!"

अरे जेजू! थेट कबुली? आणि ही शांता कोण? टोळीची म्होरकी?

"माफीबिफी काही चालणार नाही! आधी बॅग काढा!"

"माफी, माफी!" आजोबा काकुळतीला आले.

"भरदिवसा चोरी करता आणि वर माफी मागता? या वयात?"

माझा आवाज ऐकून दारं उघडली. एक जण आला, "माफी!" दुसरा आला, "माफी!" खिडकीतून एक बाईसुद्धा ओरडली, "माफी!" दोघे तर वाकून पायऱ्यांखाली बघायचं नाटक करू लागले. सगळी गल्ली सामील! मी हादरलोच. जन्मात एका मंत्र्याकडून मला माफी वदवता आली नाही, आणि इथे अख्खा मोहल्ला मागतोय?

"छापतो एकेकाला!" मी गरजलो. "आणि त्या शांतेला बोलवा!"

तेवढ्यात रॉनी धावत आला. हातात पाण्याची बाटली, खांद्यावर माझी बॅग!

"मामा, काय तमाशा लावलाय? खांदा दुखतो म्हणून तुम्हीच दिलीत ना मला!"

"मग हे माफी का मागतायत?"

"माफी म्हणजे 'नाही'! शंता म्हणजे बॅग! 'बॅग नाही इथे', एवढंच सांगतायत बिचारे!"

धरणीने पोटात घेतलं असतं तर बरं झालं असतं. मी बॅग गळ्यात घातली, आजोबांपुढे जाऊन कान धरले आणि कळवळून म्हणालो, "माफी! माफी!"

आजोबांचा चेहरा पडला. त्यांनी बॅगेकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि गल्लीला हाक दिली, "यल्ला!"

बॅगेतलंही काहीतरी गेलंय, अशी समजूत होऊन सगळी गल्ली पुन्हा जमिनीला डोळे लावून शोधू लागली. आजोबा सर्वांत पुढे!

खुलासा करायला मी तोंड उघडलं मात्र, रॉनीने त्यात पाण्याची बाटली कोंबली.