मुग्धाची बिनचिन्हाची निवडणूक

रविवारी एकत्र चहा प्यायचा आणि कोणाच्या तरी फजितीवर हसायचं, एवढाच आमच्या अमेरिकेतल्या शॉमबर्ग गावच्या ग्रुपचा उद्योग. पण मुग्धा इथल्या शाळांचा कारभार बघणाऱ्या स्कूल बोर्डाच्या निवडणुकीला उभी राहिली आणि किश्शांचा असा ढीग लागला की सांगता सोय नाही! फक्त हे किस्से सांगताना मी हसते खरी, पण आधी दाराची कडी बघून येते.

झालं असं, की मुग्धाची ईरा ज्या शाळेत दुसरीत आहे, तिथल्या काउन्सेलरला, म्हणजे मुलांच्या भीती-काळज्या ऐकून घेणाऱ्या बाईंना, बोर्ड काढून टाकणार होतं. "मीच उभी राहते," मुग्धा म्हणाली. पण अट घातली, "ज्या दिवशी माझी पोरं घाबरतील, त्या दिवशी मी हे बंद करणार. मग मला कोणी समजवायला यायचं नाही."

*

मी नागपूरला बाबांना फोनवर बातमी सांगितली.

"पक्ष कोणता?"

"या निवडणुकीत पक्ष नसतो बाबा. मतपत्रिकेवर नुसतं नाव."

"आणि चिन्ह?"

"तेही नाही."

बाबांनी दोनदा विचारून खात्री करून घेतली. मग म्हणाले, "अगं, पण तिला कोणी धमकावलं तर पाठीशी कोण?"

"आम्ही आहोत ना पाच जण!"

"त्यात तो भित्रा समीर आहे?"

"आहे."

"मग चारच धर!"

*

बाबांचं काही चुकलं नव्हतं. समीर पुण्याचा, व्हिसावर आलेला, ग्रीन कार्डाच्या रांगेत केस पांढरे झालेला. दारोदार पत्रकं वाटायची म्हटल्यावर त्यानं आधी वकिलाला विचारलं. वकील म्हणाला, "खुशाल वाट. मोबदला घेऊ नकोस म्हणजे झालं."

तिसऱ्याच घरातल्या आजीबाईंनी कौतुकानं त्याच्यापुढे कुकी धरली. समीर दोन्ही हात वर करून मागे सरकला. "नो, नो! आय ॲम अनपेड!"

आजीबाई घाबरून आत गेल्या. आम्ही खूप हसलो, पण तो म्हणाला, "यार, तुम्हाला काय जातंय हसायला? माझी केस रिजेक्ट झाली तर?"

*

माझा किस्सा तर विचारूच नका! एका म्हाताऱ्या गृहस्थांनी आत बोलावलं. आपली सवय, मी दारातच बूट काढले. ते छान बोलत होते, हवापाणी, नातवंडं वगैरे. मग विचारलं, "तुमची मैत्रीण कोणत्या बाजूची?"

"कोणत्याच नाही. ही निवडणूक पक्षाची नसते."

"सगळे कुठल्या तरी बाजूचे असतात," असं म्हणून ते जे उठून उभे राहिले, ते पाहून मी तशीच सटकले. मार्चमधला तो वितळता बर्फ, आणि मी मोज्यांवर! बूट त्यांच्याच घरात.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते बूट मुग्धाच्या दारात होते. पुसून, जोडीनं नीट लावून ठेवलेले.

मुग्धाचा नवरा निखिल म्हणाला, "चांगला माणूस दिसतो."

मी म्हटलं, "अरे, पण पत्रकावर तुमचा पत्ता कुठे छापलाय?"

त्याच संध्याकाळी त्यानं दारावर कॅमेरा लावला.

*

कॅमेरा लावला, तर दुसऱ्याच दिवशी अंगणातली मुग्धाच्या नावाची प्रचाराची पाटी गायब! चोर पकडायचा म्हणून आम्ही सगळे फोनवर डोकं घालून रेकॉर्डिंग बघत बसलो. शाल पांघरलेलं कोणीतरी वाकून पाटी उपटत होतं. चेहरा वळला, तर मुग्धाच्या सासूबाई, आमच्या काकू!

"आई, अहो हे काय?" निखिल ओरडलाच.

"नाव वाचून कोणी घरी आलं म्हणजे?"

"असं कोण येणार आहे?"

"बूट आलेच की!" काकू म्हणाल्या.

*

आता शेवटचा. जाहीर सभेत लोक उमेदवारांना प्रश्न विचारणार होते, त्याची रंगीत तालीम मुग्धाच्या बेसमेंटमध्ये ठेवली. ईरा आणि तिचा चार वर्षांचा भाऊ आरव कोपऱ्यात खेळत होते. चिडलेल्या मतदाराचं काम कोणाला? समीरला! "याला काय जमणार!" म्हणून आम्हीच त्याला बाहेर जिन्यात पिटाळलं.

मुग्धानं बोलायला सुरुवात केली आणि दारावर धाडधाड बुक्के बसले. "यू डोन्ट बिलाँग हिअर! गो होम!" समीरचा असा आवाज आम्ही जन्मात ऐकला नव्हता.

खटकन दाराची कडी लागली. लाईट गेला.

"अरे, काय झालं?"

"श्श!" ईरा होती. शाळेत बंदूकवाला शिरला तर काय करायचं, याचं ड्रिल ही मुलं पहिल्यापासून करतात. तिनंच कडी लावून, लाईट बंद करून आरवला सोफ्यामागे ओढलं होतं आणि त्याच्या तोंडावर हात ठेवला होता.

बाहेरून समीर रडकुंडीला आला. "ईरा, अगं मी आहे, समीरकाका! उघड ना!"

मी उठले, तर तिनं माझा कुर्ता धरला. "नो मावशी! ओळखीचा आवाज आला तरी उघडायचं नाही."

काकू मुकाट्यानं जमिनीवर बसल्या. आम्हीही बसलो. मुग्धा सरपटत मुलांजवळ गेली. "ईरा, तू घाबरलीस ना? मम्मा हे सगळं बंद करते, हं."

"नो! मिस काउन्सेलरचं सांग ना. फक्त हळू बोल."

मुग्धानं सगळं भाषण अंधारात, कुजबुजत केलं. संपल्यावर आरवनं टाळ्या वाजवायला हात वर केले, तर ईरानं तेही घट्ट धरून ठेवले.