वालूरच्या माळावरचे सारखे वाटे

सेलूच्या स्टेशनात उतरलो तेव्हा मला धीर म्हणून धरवत नव्हता. पुण्याच्या शाळेत इतकी वर्षं घसा कोरडा करून शिकवलं: शिकार करणारी माणसं अशी राहत, शेती आल्यावर तशी राहू लागली. निजामी मुलखातल्या वालूरला म्हणे दोन्ही शेजारी-शेजारी दिसतात!

माझे यजमान वालूरचे पाटील. त्यांनी आधी आपलं पेव (जमिनीतलं धान्याचं कोठार) दाखवलं. "तीन वर्सं पाऊस न्हाई झाला तरी आमचं घर हालत न्हाई, मास्तर." मग भाकरी आणि ठेचा. मी शहाणपणा करून ठेचा दोनदा घेतला आणि पाटलांबरोबर दमणीत (बैलांची हलकी गाडी) माळापर्यंत उचक्या देत गेलो.

पाटलांच्या शेताच्या बांधाला पारध्यांची सहा पालं होती. दोन दिवस फास रिकामे, पोरं उपाशी. आज एक हरीण सापडलेलं. एक म्हातारी पळसाच्या पानांवर वाटे घालत होती. सगळे सारखे!

"ज्यानं धरलं त्याला जास्त नाही?" मी विचारलं.

"का बरं? उद्या त्याचा फास रिकामा ऱ्हायला तर? आमाला पेव न्हाई, मास्तर. आमी दुसऱ्याच्या पोटात ठिवतो."

वा रे वा! माझा अख्खा धडा तिनं एका दमात सांगितला.

तेवढ्यात पाटील गरजले, "रान माजं, माज्या ज्वारीवर पोसलेलं हरीण माजं. सोपान, समदं गाडीत टाक!" सोपान हा बरोबर आलेला त्यांचा सालगडी, वर्षाच्या बोलीनं राबणारा. पोरांचे चेहरे उतरले.

म्हातारी हलली नाही. तिनं सगळ्या वाट्यांतून थोडं थोडं काढून दोन पानं वाढवली. एक पाटलांपुढं, एक सोपानपुढं. तेवढंच, तसंच.

"बसा. आल्याला वाटा असतोय."

पाटील दोन्ही पानांकडे बघत राहिले. सोपान हात लावेना. त्याची नजर मालकावर.

"घे की रं," पाटील शेवटी पुटपुटले. बाकीचं मटण पालांतच राहिलं. मला तर टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या! परतताना पाटील दमणीत बसले आणि सोपान दोन्ही पानं घेऊन मागून चालत आला.

पुण्याला पोचलो तो जेवता जेवता बायकोला सगळं सांगत सुटलो. ती वाढत होती.

"मग त्या म्हातारीनं स्वतःला केवढा वाटा ठेवला?" तिनं विचारलं.

"सगळ्यांएवढाच!" मी ओरडलोच.

ती भाताचं पातेलं निपटू लागली. माझं जेवण आटोपत आलं होतं आणि तिचं ताट अजून मांडलेलंच नव्हतं.