नोटीस मिळालेला नवरा

विद्यापीठाच्या ग्रंथालयात छापील पुस्तकं संगणकाला मोठ्याने वाचता येतील अशी तयार करायचं काम टायपिस्टबाईंकडे होतं. दृष्टिहीन मुलं ती ऐकून अभ्यास करत. कायद्याच्या उजळणीचं छोटं पुस्तक बाईंनी मन लावून तपासून दिलं, आणि दुसऱ्याच सकाळी ते ऐकणारी विद्यार्थिनी पांढरी काठी टेकत दारात हजर.

“बाई, तुमच्या पुस्तकात नवऱ्याला महिन्याची नोटीस देऊन घर रिकामं करून घेता येतं.”

“सोय वाईट नाही गं,” बाई हसल्या आणि लगेच त्यांनी ते पान उघडलं. पानावर दोन रकाने होते, डावीकडे विवाह आणि उजवीकडे भाडेकरू. संगणक दोन्हींतून आडवा वाचत सुटला होता. बाईंनी तपासलं होतं डोळ्यांनी, आणि डोळ्यांना सगळं ठीकच दिसत होतं. परीक्षा तर उद्यावर आलेली.

बाई दिवसभर जागच्या हलल्या नाहीत. कुठला रकाना आधी वाचायचा, हे त्यांनी पानापानावर ठरवून दिलं आणि संगणकाचा पडदा बंद करून सगळं पुस्तक ऐकलं.

संध्याकाळी मुलीने हेडफोन लावला. बाई शेजारीच घुटमळत होत्या.

“नवरा कुठे आहे गं आता?”

“घरातच आहे.”

“आणि भाडेकरू?”

“अहो बाई, वाचू द्या ना जरा!”

बाईंनी हुश्श केलं आणि सकाळपासून तसाच राहिलेला डबा उघडला.