रिकाम्या पोटी आयसोफ्लेव्होन

वामनरावजींच्या घरी गेलं की ते "चहा घेता का" असं कधी विचारत नसत. "पॉलिफेनॉल घ्याल का?" असं विचारत. पहिल्यांदा ऐकून मी घाबरले, आणि बिनदुधाचा, बिनसाखरेचा काळा चहा समोर आला तेव्हा जास्त घाबरले. संत्रं दिलं तर फोडीवरचं पांढरं जाळं काढू देत नसत. "ते काहून फेकून राहिल्या मास्तरीणबाई? हेस्पेरिडिन हाय ते!" पांढुर्ण्यात माणूस धड बोलायच्या आधी संत्रं सोलायला शिकतो. मला तो धडा पन्नाशीत, शेजारच्या ओट्यावर बसून पुन्हा गिरवावा लागला.

ते बिजली खात्यातून रिटायर झाले आणि त्याच सुमारास पांढुर्णा जिल्हा झाला. दोघांचं प्रमोशन एकदमच झालं, असं ते सांगत. जिल्ह्याला कलेक्टर मिळाला आणि त्यांना मोबाइल. पुढे बोरगावला शेतकऱ्यांसाठी कुठलंसं व्याख्यान होतं. जेवण चांगलं असतं म्हणून ते गेले आणि येताना आयसोफ्लेव्होन हा शब्द घेऊन आले. मग आमच्या गल्लीत भाज्यांची नावंच बदलली. वांग्याची साल म्हणजे अँथोसायनिन, हळद म्हणजे कर्क्युमिन, टमाटर म्हणजे लायकोपिन. भाजीवाल्याला विचारत, "लायकोपिन ताजं हाय का?" तो बिचारा गाडीभर नजर फिरवून म्हणे, "ते नाही आणलं जी आज. टमाटर घ्या."

इथवर हसण्यावारी होतं. सोयाबीनचं प्रकरण मात्र त्यांच्या घरात शिरलं. आमच्या भागात सोयाबीन पिकवतात, पण खात कोणी नाही. मळणी झाली की पोती थेट मंडीत. वामनरावजींनी रामाकोना गावातल्या मेहुण्याला फोन करून खायला सोयाबीन मागितलं, तर त्याने काळजीने विचारलं, "भाटवे, म्हैस घेतली का?"

म्हैस नव्हती, सुमनताई होत्या. वामनरावजींची बायको. पाळी थांबल्यापासून त्यांच्या अंगातून वाफा निघत. भर थंडीत पदराने वारा घेत बसायच्या. "या वयात बायांच्या अंगातलं हार्मोन घटते," वामनरावजी मला ओट्यावर उभं करून सांगत, "अन् सोयाबीनमधलं आयसोफ्लेव्होन त्याच्यासारखंच काम करते." सुमनताई आतून म्हणायच्या, "त्या शाळेत जाऊन राहिल्या, सोडा त्यायले." वामनरावजींनी दाणे भिजवले, वाटले, गाळले, उकळले. त्या वासाने गल्लीतली मांजरंसुद्धा आमच्या बाजूला राहायला आली.

सुमनताईंना जुना थायरॉइड होता. सकाळी उपाशीपोटी एक गोळी पाण्यासोबत घ्यायच्या. वामनरावजींना ते पाणी खुपू लागलं. "मंडीत रिकामी गाडी कोणी नेते का? गोळी जातच हाय पोटात, तं दूध बी जाऊ द्या सोबत." तेव्हापासून गोळी सोयाबीनच्या दुधासोबत जायला लागली. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. गोळी रोज पोटात जात होती, बस.

सुमनताईंचा आवाज गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचा. काही महिन्यांनी भाजीवाला हाका मारून दोनदा निघून गेला, तरी त्या बाहेर आल्या नाहीत. मी जाऊन पाहिलं तर भिंतीला टेकून बसल्या होत्या. चेहरा सुजलेला, आवाज जड, आणि उन्हाळ्यात अंगावर शाल. वामनरावजी खूष होते. "वाफा बंद झाल्या ना? असर दिसून राहिला. थकवा म्हणता तं अंगातला कचरा निघते पहिले." आणि त्यांनी गिलास मोठा केला.

माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "भाऊजी, कचरा नाही, बाई चालली तुमची. डॉक्टरला दाखवा." तर म्हणाले, "डॉक्टर लोकायले हे शिकवतच नाही." त्या माणसाला ओट्यावरून खाली ढकलावंसं वाटलं, खोटं कशाला सांगू. शेवटी एका सकाळी सुमनताई चुलीजवळच कोसळल्या. तेव्हा कुठे वामनरावजींचं पाणी पाणी झालं. शुद्धीवर आल्यावर सुमनताईंनी माझा हात सोडला नाही, म्हणून मीही त्यांच्यासोबत नागपूरला गेले.

डॉक्टरीण तरुण होती. रिपोर्ट पाहून म्हणाली, "गोळी चुकते का तुमची?"

"एक दिवस नाही," वामनरावजी छाती काढून म्हणाले.

"मग कशासोबत घेता?"

वामनरावजी याच प्रश्नाची जन्मभर वाट पाहत असल्यासारखे पुढे सरकले. भिजवण्यापासून उकळण्यापर्यंत सगळं सांगितलं, वर आयसोफ्लेव्होन दोनदा म्हटलं. तिने सगळं ऐकून घेतलं. मग शांतपणे म्हणाली, "काका, सोयाबीन वाईट नाही. पण ते गोळीला अंगात नीट लागू देत नाही. गोळी पोटात गेली, अंगाला अर्धीमुर्धीच मिळाली. थायरॉइडचं हार्मोन घटलं की माणसाला थंडी वाजते; तुम्हाला वाटलं वाफा थांबल्या. गोळी साध्या पाण्यासोबत. सोयाबीन घ्यायचंच तर चार तासांनी."

परतीच्या गाडीत वामनरावजी खिडकीशी बसले होते. समोर एकजण भरल्या वांग्याची साल बाजूला काढत भाकर खात होता, तरी त्यांनी साल टाकू नको म्हणून सांगितलं नाही. मला त्यांचा राग होता, तो तिथेच गळून गेला. मग खिडकीकडे पाहत हळूच म्हणाले, "मी तं तुलेच मारून राहिलो होतो व. आता नाही देत काही. दूध बंद, सारं बंद."

सुमनताईंनी शाल सारखी केली.

"दूध करा बंद. भुश्यासारखं लागे मले ते, पहिल्या दिवसापासून."

"मंग पीत काहून होती?"

"तुमी नोकरीभर साऱ्या गावाले इचारत फिरले, लाइन आली का, लाइन गेली का. मले कधी काही इचारलं नाही. तो गिलास हाती घेतला तवापासून रोज सकाळी जवळ बसून इचारत होते, कसं वाटून राहिलं म्हणून." त्यांना धाप लागली. "आता दूध बंद झालं, तं ते इचारणं बी बंद होईन का जी?"