रॅम्पच्या तोंडाशी मोकळी जागा

या ग्रुपवर बरेच दिवस मी फक्त वाचते आहे. लाइक नाही, कॉमेंट नाही. खरं सांगायचं तर इथले बहुतेक गूढ अनुभव वाचताना मनात यायचं — झोप झाली नसेल, किंवा अ‍ॅसिडिटी. मी डेटा अ‍ॅनालिस्ट आहे आणि स्वभावाने संशयी. शाळा इंग्लिश मीडियमची, त्यामुळे मराठी कुठे घसरलं तर सांभाळून घ्या... पण हे मला इंग्लिशमध्ये सांगताच येत नाही. प्रयत्न केला होता.

आम्ही घणसोलीत राहतो, तळवली गाव आणि खाडी यांच्या मधल्या एका सोसायटीत. पुढे मेन गेट, मागे नाला. नाल्याच्या बाजूलाच बेसमेंट पार्किंगचा रॅम्प. खालून वर यायला जिनाही आहे, पण मुलं खाली जाऊन धुडगूस घालतात म्हणून त्याचं दार कायम कुलपात. म्हणजे यायला-जायला रॅम्प एकच.

मागच्या वर्षी पावसाळ्याआधी सोसायटीत मॉक ड्रिल झालं. सेक्रेटरी सावंत काकांनी सगळ्यांना कामं वाटली आणि माझ्या हातात शिट्टी दिली. "हिचा आवाज आजवर कोणी ऐकलाय का? शिट्टी तरी ऐकू येईल." सगळे हसले. मीही हसले, आणि आतल्या आत मेले. माझं काम — पाणी भरायला लागलं की रॅम्पच्या तोंडाशी उभं राहायचं, कोणालाही गाडी काढायला खाली जाऊ द्यायचं नाही. तिथे रचायला वाळूच्या गोण्याही आणल्या होत्या. त्या लवकरच क्लबहाउसमागे गेल्या, कोणाच्या तरी बर्थडेचा मांडव उडू नये म्हणून. परत आणायचं कोणालाच सुचलं नाही.

जुलैमधली दुपार. माझं वर्क फ्रॉम होम. पाऊस सकाळपासून थांबला नव्हता आणि खाडीला मोठी भरती होती. अशा वेळी खाडी नाल्याचं पाणी घेत नाही, ते मागे फुगत येतं. अचानक घरातले सगळे मोबाईल एकदम किंचाळले — इमर्जन्सी अलर्ट. आई म्हणाली, "बाबा कुठेत गं?"

बाबांच्या चपला दारातच होत्या. गाडीची चावी जागेवर नव्हती.

मी शिट्टी घेऊन जिन्याने धावले. लाइट गेलेले. तळमजल्यावर मंदाकाकू दाराच्या फटीत गोधड्या कोंबत होत्या. त्या मूळच्या तळवलीच्याच.

"तुजा बापूस आनि तो सावंत, दोगं बी खाली गेलं!" त्या ओरडल्या. "मी सांगून दमले. सावंत बोलतो, दोन मिनटाचं काम हाय, काकू!"

ज्यांनी ड्रिल घेतलं, तेच.

लॉबीच्या पायऱ्या उतरले तर पाणी मांडीपर्यंत. रॅम्प समोरच. आणि तेवढ्यात पलीकडे नाल्याची भिंत गेली. डंपर रिकामा करतात ना, तसा आवाज. तपकिरी पाणी एका अंगाने उठलं आणि आमच्याकडे यायला लागलं.

रॅम्पच्या तोंडाशी माणसं उभी होती.

आधी वाटलं गावातून कोणीतरी मदतीला आलंय. हातात हात घालून, पाण्याकडे तोंड करून एक रांग. पुरुष कमरेला रुमाल गुंडाळलेले, बायकांनी लुगडी वर खोचलेली. मग लक्षात आलं की रांग आमच्या कंपाउंड वॉलपाशी संपत नाहीये. ती भिंतीतून तशीच पुढे गेली होती, शेजारच्या टॉवरच्या पोडियममधून, पावसात दिसेल तिथपर्यंत. भिंत होती, आणि रांगही होती. दोन्ही मला एकाच वेळी दिसत होतं. हे याहून नीट मला नाही सांगता येत.

पाणी त्यांच्या कमरेच्या वर चढलं आणि तिथेच राहिलं. त्यांच्या मागचा रॅम्प जवळजवळ कोरडा. फक्त बरोबर मध्ये एका माणसाएवढी जागा रिकामी होती आणि तिथून पाणी धो-धो खाली जात होतं... खाली, जिथे अंधारात बाबांच्या मोबाईलचा टॉर्च हलत होता.

त्या फटीशेजारच्या बाईने मान वळवली. वय सांगता येणार नाही. रागावलेली नव्हती, घाईत होती. "बगतंस काय? तुमचे घराची जागा मोकली हाय. ये!"

मी गेले. का, माहीत नाही. शिट्टी दातात धरली, दोन्ही हात पसरले, आणि दोन्हीकडून दोन हातांनी ते घट्ट पकडले. खरखरीत, गार, चिखलाने माखलेले हात. पाणी छातीवर आदळलं. मी हलले नाही. हलूच शकत नव्हते, इतकी ती पकड होती. भीती वाटायला हवी होती... पण मला वाटलं, आयुष्यात पहिल्यांदाच मी नेमकी माझ्या जागी आहे. मी जीव खाऊन शिट्टी वाजवली.

"अगं आलो ना! कान फोडशील!" बाबांचा आवाज मागून आला, आणि मग एकदम गप्प झाला. त्यांना माझ्यापुढचं पाणी दिसलं असावं. ते माझ्या उजव्या हाताखालून वाकून बाहेर पडले, इतके खाली की हनुवटी पाण्याला लागली. त्यांच्या मागून सावंत काका, तसेच वाकून. मंदाकाकूंनी दोघांना पायऱ्यांवर ओढलं. बाबांनी वळून माझी ओढणी पकडली आणि मला खेचलं.

तेव्हाच हात सुटले. आणि सगळं पाणी एकदम खाली गेलं. गाड्या एकमेकींवर आपटण्याचा आवाज बराच वेळ येत होता.

वर येऊन पाहिलं तर माझ्या तळव्यांना निळसर काळा, चिकट चिखल. आमच्या आवारात सगळे पेव्हर ब्लॉक आहेत, असला चिखल कुठेच नाही. मंदाकाकूंनी माझा हात नाकाशी नेला आणि खाली बसल्या.

"खाजनाचा चिखल हाय ह्यो," त्या म्हणाल्या. बिल्डिंगच्या आधी इथे खाजण होतं, खारी भातशेती. खाडीचं पाणी अडवायला बांध. भरतीला बांध फुटला की हाक जायची, आणि प्रत्येक घरातून एक माणूस पळत यायचा. काहींचं फुटलेल्या जागी चिखल टाकून होईपर्यंत बाकीच्यांनी अंगाने पाणी धरायचं. "ज्या घरचा मानूस आला नसंल त्याची जागा मोकली ठेवायची. दुसऱ्यानी भरायची नाय. तो येतोच."

"बांध कुठे होता?"

त्यांनी नुसतं रॅम्पकडे पाहिलं.

आम्ही मूळचे साताऱ्याचे. या बांधाशी आमचा काय संबंध?

बाबांनी आणि सावंत काकांनी रांग पाहिली नाही. त्यांना मी एकटीच हात पसरून उभी दिसले. पाणी वळलं असेल, हवा अडकली असेल, असं बाबा म्हणतात. असेलही. मी वाद घातला नाही. एकच विचारलं — "रॅम्प एवढा रुंद आहे. दोन्ही बाजूंना जागा होती. मग तुम्ही माझ्या हाताखालून वाकून का आलात?"

"जागा नव्हती गं," बाबा म्हणाले.



या वर्षीच्या ड्रिलला जिन्याचं दार उघडं होतं, गोण्या रॅम्पपाशी होत्या आणि प्रत्येक घरातून एक माणूस खाली आला होता. मला यायला उशीर झाला. गोण्या हातोहात पुढे द्यायला सगळे ओळीने उभे होते, बाबाही. मला पाहून ते सरकले आणि त्यांनी जागा केली. मी उभी राहिले. तरी त्यांच्या पलीकडे एका माणसाएवढी जागा रिकामीच होती. गोणी तिथून पुढे देताना त्यांना प्रत्येक वेळी वाकून हात लांब करावा लागत होता.

"बाबा, तिकडे सरका ना."

"मोकळी असू दे ती," ते म्हणाले.