गच्चीवरचा हॅम

"थांबा की जरा."

हातात लांब सुरी, कमरेला बायकोचा फुलाफुलांचा एप्रन आणि डावा पंजा पुढे धरलेला, सुटत्या गाडीमागे धावणाऱ्या प्रवाशाला अडवावं तसा. गार्डसाहेब आठवले की मला असेच आठवतात. टेबलावर नुकतीच भट्टीतून निघालेली डुकराची अख्खी मांडी वाफा सोडत असायची, आम्ही ताटं घेऊन उभे, आणि हे आपले म्हणायचे, "थांबा की जरा. बसू द्या तिला निवांत. लगेच कापली तर सगळा रस बशीत जाईल. तुमच्या तोंडात मग काय येणार?"

हॅमला सगळं जग 'तो' म्हणतं. गार्डसाहेबांसाठी ती 'ती' होती.

मालगाडीवर गार्ड म्हणून त्यांची सारी नोकरी गेली. मालगाडीचा गार्ड म्हणजे थांबणारा माणूस. मागून एक्स्प्रेस आली की मालगाडी बाजूच्या रुळावर उभी, मग स्टेशन जेऊर असो नाहीतर माढा. ती कधी हलेल हे कुणी सांगायचं नाही. अशा मुक्कामांत माणसं चिडकी होतात. हे मात्र शेवटच्या डब्यात बसून स्वयंपाकाचा विचार करायचे. मी त्याच रेल्वेत, तिकिटांच्या खिडकीमागे बुकिंग क्लार्क. त्यामुळे ते मला नावानं कधी हाक मारत नसत. "काय बुकिंग, चहा घेणार का?" आमची घरं समोरासमोर, मध्ये एक रिक्षा जेमतेम जाईल एवढा बोळ.

हॅम ते एका अँग्लो-इंडियन ड्रायव्हरच्या बायकोकडून शिकले होते. ती मंडळी पुढे परदेशी गेली, विद्या मात्र सोलापुरात राहिली. मूळ कृतीत मध होता आणि डब्यातला अननस. गार्डसाहेबांनी दोन्ही काढून टाकले. मधाच्या जागी माढ्याच्या गुऱ्हाळातली काकवी आणि अननसाच्या जागी डाळिंबाचा रस. त्यात वाटलेली मोहरी. मांडी आधी मिठाच्या पाण्यात मुरवायची, मग साध्या पाण्यात ठेवून जास्तीचं मीठ काढायचं, मग मंद शिजवायची. वरची कातडी सोलून चरबीवर सुरीनं शंकरपाळ्यांसारख्या रेघा मारायच्या आणि प्रत्येक शंकरपाळीत एक लवंग टोचायची. शेवटी पत्र्याच्या पिंपाची केलेली भट्टी, वर-खाली निखारे आणि मधूनमधून काकवीचा हात. दुकानातल्या हॅमसारखा गुलाबी रंग तिला यायचा नाही. आतून करडीच असायची. पण वरून अशी चमकायची की आपला चेहरा दिसेल.

नाताळच्या दुपारी त्यांच्याकडे अर्धी गल्ली जेवायला असे. आमच्या घरात डुक्कर वर्ज्य नाही, त्यामुळे मी हक्काचं गिऱ्हाईक. शेजारच्या चाचांसाठी मात्र कोंबडी वेगळी, तिचं पातेलं वेगळं, आणि ती सगळ्यांच्या आधी सकाळीच करून झाकून ठेवलेली. चाचांनी कधी विचारलं नाही आणि गार्डसाहेबांनी कधी सांगितलं नाही. तुमच्याही गल्लीत अशी न बोललेली कलमं असतील.

मग एका डिसेंबरात पुण्याहून रूबेनचा फोन आला. रूबेन हा त्यांचा एकुलता एक मुलगा. नाताळला एका मुलीला घेऊन येतो म्हणाला. गिरिजा तिचं नाव, अक्कलकोटकडची, घरात कन्नड बोलणारी. दोघांचं लग्न करायचं ठरलं होतं. मुलीच्या घरचे बोलायलाही तयार नव्हते. ती एकटीच येऊन घर बघून जाणार होती.

"आणि पप्पा," रूबेन म्हणाला, "या वर्षी हॅम नको. तिच्या घरात अंडंसुद्धा येत नाही. पहिल्यांदा येतेय. टेबलावर एवढं मोठं ते बघून काय वाटेल तिला?"

गार्डसाहेब बरं म्हणाले आणि फोन ठेवला. हे मला त्यांच्या बायकोनं सांगितलं. त्या शाळेत शिकवायच्या, म्हणून सगळी गल्ली त्यांना बाई म्हणे. त्या म्हणाल्या, "चिडले असते तर बरं झालं असतं हो. नुसते फ्रीज उघडतात आणि बंद करतात." मांडी केव्हाच मिठाच्या पाण्यात पडली होती. फ्रीजचा खालचा खण तिनंच अडवला होता.

ते दोन-तीन दिवस बोळात दिसलेच नाहीत. एका संध्याकाळी आले आणि माझ्या दारात उभं राहून वर बघत म्हणाले, "बुकिंग, तुमच्या गच्चीवर कोण येतं-जातं?"

"वाळवणाला बायको जाते. आता थंडीत कोण जाणार?"

"मग भट्टी तितं मांडतो. पोराला शब्द दिलाय, माझ्या टेबलावर हॅम येणार न्हाय. तुमची गच्ची म्हंजे काय माझं टेबल न्हवं."

मी हसलो. ते हसले नाहीत. पायरीवर टेकत म्हणाले, "पोरगी पैल्यांदा घरात येणार. तिला नुसती पोळी-भाजी वाढायची व्हय, सणाच्या दिवशी? बाकीच्यांना मेजवानी आन् तिला डबा?"

दुसऱ्या दिवशी ते बाजारातून सुरणाचा हा एवढा गड्डा घेऊन आले. मांडीची सगळी कृती त्यांनी सुरणावर चालवायची ठरवली होती. पहिला प्रयोग बाईंवर आणि माझ्यावर झाला. सुरण चिंचेच्या पाण्यात उकळावं लागतं हे त्यांच्या गावी नव्हतं. आम्ही दोघं घसा खाजवत बसलो, आणि ते कपाळाला आठ्या घालून विचारत होते, "पण चव कशी हाय?" बाई बोलू शकत नव्हत्या, म्हणून नवरा वाचला.

नाताळच्या सकाळी चर्चमधून आले ते कोट काढून थेट माझ्या गच्चीवर. निखारे मीच फुलवून ठेवले होते. वारा त्यांच्या घराकडे होता. लवंग, गूळ आणि चरबीचा तो वास बोळ ओलांडून गेला. तेवढ्यात समोरच्या दारात गिरिजा येऊन उभी राहिली. बारीक अंगाची, मोठ्या डोळ्यांची मुलगी. तिनं नाक वर केलं आणि आत वळून विचारलं, "बाई, कसला वास येतोय? छान आहे की!" बाईंचं उत्तर मला ऐकू आलं, "सुरणाचा." आयुष्यभर मुलांना खरं बोलायला शिकवलेली बाई!

दुपारी टेबल मांडलं. मधोमध पांढऱ्या चिनी मातीच्या मोठ्या बशीत सुरण. अंगभर शंकरपाळ्या, त्यात लवंगा, वर काकवीची चकाकी. गार्डसाहेबांनी तेवढ्याच थाटात पंजा पुढे धरला, "थांबा की जरा," आणि मग पातळ काप करून पहिला गिरिजाच्या ताटात ठेवला. तिनं खाल्ला. दुसरा मागून घेतला. "माझ्यासाठी एवढं केलंत?" तिनं विचारलं. गार्डसाहेब म्हणाले, "सण हाय की." रूबेन बापाकडे बघत होता. त्याला वाटलं, प्रश्न मिटला.

मग एकेक माणूस उठायला लागला. कुणाला फोन आला, कुणाला पाय मोकळे करायचे होते. सगळे माझ्या घरात शिरायचे, जिना चढायचे, आणि थोड्या वेळानं मिशा पुसत खाली उतरायचे. वर गार्डसाहेब पाठीशी ऊन घेऊन कापत होते. आम्ही उभ्याउभ्या पावात घालून खात होतो आणि शाळकरी पोरांसारखे हसत होतो. चव नेहमीचीच होती, पण गार्डसाहेब स्वतः खात नव्हते.

बाई आणि रूबेन आत स्वयंपाकघरात होते, खाली टेबलावर गिरिजा आणि चाचा एवढेच उरले. चाचा निवांत कोंबडी खात होते. गिरिजानं विचारलं, "सगळे कुठं जातात, चाचा?"

चाचांना कुणी काही पढवलं नव्हतं. ते म्हणाले, "सब लोगां सामने गच्ची पे गये, बेटी. मेरा वहाँ क्या काम?"

जिन्यात बांगड्या वाजल्या तेव्हा आमच्या हातांत पाव होते. ती गच्चीच्या दारात आली. तिनं आम्हाला बघितलं, पिंपाची भट्टी बघितली, पाटावर अर्धी कापलेली मांडी बघितली, आणि सुरी धरून उभे असलेले गार्डसाहेब बघितले. मागून धावत आलेला रूबेन धापा टाकत म्हणाला, "गिरिजा, मी सांगतो..."

"अय्यो," ती छातीवर हात ठेवून म्हणाली, "मला वाटलं सगळे चोरून दारू पिताय!"

कुणालाच हसावं की नाही कळेना. गार्डसाहेबांनी सुरी खाली ठेवली. "माझी चूक हाय पोरी," ते म्हणाले. "रूबेनला शब्द दिलता, टेबलावर आणणार न्हाय म्हणून. आणली न्हाय. पण टाकवली बी न्हाय."

"दरवर्षी करता?"

"व्हय."

"खाली? टेबलावर?"

"व्हय."

ती दारातून दोन पावलं पुढे आली. मग म्हणाली, "मी हे खाणार नाही, पप्पा. कधीच नाही. आत्तासुद्धा बघवत नाहीये. पण माझ्यामुळं तुम्हाला स्वतःच्या घरातनं उठून दुसऱ्याच्या गच्चीवर जावं लागत असेल, तर मी त्या घरात येऊ कशी? उद्या सगळे म्हणणार, हिच्यामुळं हे बंद झालं, ते बंद झालं. मला तसं यायचं नाही." तेव्हा आम्हाला कळलं, ही मुलगी आपल्या घरून काय काय ऐकून आली होती ते. "खाली घेऊन चला," ती म्हणाली.

गार्डसाहेबांना त्या मुलीनं पप्पा म्हटलं ते पहिल्यांदा, आमच्या गच्चीवर.

आम्ही मांडी उचलून बोळातून मिरवत नेली. गिरिजा पुढे होऊन दारं उघडत होती. टेबलावर सुरण थोडं बाजूला सरकलं आणि शेजारी हॅम आला. चाचांनी आपलं ताट उचलून पलीकडे ठेवलं आणि जेवण चालू ठेवलं. गार्डसाहेब कापायला उभे राहिले. कागदासारखे काप करणारा तो माणूस, पण त्या दिवशी त्यांचे सगळे काप जाडेभरडे आले.

लग्न झालं. गिरिजाच्या आईवडिलांना सोलापूरच्या घरात पाय ठेवायला बराच काळ लागला. पण एका नाताळला ते आले, टेबलाच्या लांबच्या टोकाला बसले, आणि तिच्या वडिलांनी सुरण तीनदा घेतलं. परत निघताना त्यांनी गार्डसाहेबांना विचारलं, "खाज कशी काढली हो?" गार्डसाहेबांनी त्यांना दारातच धरून सगळी कहाणी सांगितली. त्यांची रिक्षा बोळात खोळंबली.

गार्डसाहेब गेल्या उन्हाळ्यात गेले. दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. चर्चमध्ये जागा पुरली नाही म्हणून अर्धी माणसं बाहेर लिंबाखाली उभी होती. मीही तिथंच होतो.

या नाताळला बाई काही करणार नव्हत्या. पण गिरिजा आठवडाभर आधी पुण्याहून आली आणि तिनं मांडी आणवली. इतकी वर्षं ती त्यांच्या शेजारी उभी राहून बघत आली होती. नाकाला रुमाल बांधून तिनं ती मिठात घातली, शिजवली, कातडी सोलली, रेघा मारल्या. रेघा त्यांच्यापेक्षा सरळ होत्या. भट्टी माझ्याच गच्चीवर पेटली. मी निखारे बघत बसलो, ती काकवी लावत होती. मध्येच ती थांबली आणि मनगटानं डोळे पुसले. धुरानं असेल असं समजून मी काही विचारलं नाही.

दुपारी सगळे जमले. कापायला रूबेन उभा राहिला. गिरिजानं पहिला काप माझ्या ताटात ठेवला आणि समोर उभी राहिली.

"काका, खरं सांगा. मला चव कळायची नाही."

मी खाल्ला. सगळे माझ्याकडे बघत होते, बाईसुद्धा.

"मीठ जास्त झालंय," मी म्हणालो.

"अहो!" माझी बायको कुजबुजली.

गिरिजाचा चेहरा क्षणभर पडला. मग तिनं बाईंकडे वळून विचारलं, "साध्या पाण्यात किती वेळ ठेवायची असते?"

बाई विचार करून म्हणाल्या, "वेळ असा नव्हता गं. ते पाणी बदलायचे, एक तुकडा कापून तव्यावर भाजायचे, चाखायचे. परत बदलायचे. मनासारखं होईपर्यंत."

एवढं एकच काम तिला येण्यासारखं नव्हतं. ती उभी राहिली, पदराला हात पुसत. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "मग पुढच्या वर्षी चाखायला तुम्ही यायचं, काका. मी भाजून देते."

मी हो म्हटलं. ताटातला काप संपवला आणि आणखी एक मागून घेतला. तोही खारटच होता.